माझं पाणी मी सोडलं

रॉक स्प्रिंग्ज, वायोमिंग
१७ फेब्रुवारी २००२

तिया क्लेओफास यांना,

तुमचं पत्र पोचलं, मिरचीची पूडही पोचली. पुडी वाटेत फुटली होती. त्यामुळे पत्र वाचताना मला शिंकांवर शिंका आणि डोळ्यांना पाणी. शेजारच्या खाटेवरचा टेक्ससवाला म्हणाला, काय रे, वाईट बातमी? मी म्हटलं, आत्याचं पत्र आहे, ते असंच असतं.

इथे वारा थांबतच नाही. गॅसच्या विहिरींच्या नळांवर काम चालतं. मी वेल्डरच्या हाताखाली आहे. तो म्हणेल ते धरायचं, म्हणेल तेव्हा सोडायचं. ज्याचा स्वतःचा ट्रक आणि ट्रकवर स्वतःचं मशीन, त्याला इथे मिस्टर म्हणतात. मला 'ए' म्हणतात. तुम्ही लिहिलंत की एका जागी टिकून राहा. टिकतोय हो. पण टिकलेला 'ए' म्हणजे म्हातारा 'ए', एवढंच.

एक गंमत सांगतो. रविवारी एक माणूस मला शोधत आला. जिल्बर्ट नाव, आपल्याच बोलीत बोलणारा, बूट असे चकचकीत की इथल्या चिखलालाच लाज वाटली असेल. मोठ्या हॉटेलात नेऊन मांस खाऊ घातलं. बाबाची कबर कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा त्याला ठाऊक. मग हळूच म्हणाला, पठारावर जे बंगले उठताहेत त्यांच्या कंपनीला पाणी हवंय. जमीन नको, जमीन तुझीच राहील. कागदावर जमीन वेगळी आणि पाणी वेगळं.

मला हसू आलं. म्हटलं, म्हणजे गाय माझी आणि दूध तुमचं? तो म्हणतो, "तुझी गाय दूध देतेच कुठे? तू इथे, ती तिथे."

ह्याला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. आठवीतून पळालेल्या माणसाला कुठून सुचणार. तुम्हाला सुचलं तर लिहा.

तुमचा
सिमो


सौसाल, न्यू मेक्सिको
३ मार्च २००२

मिहितो,

शिंका आल्या ते बरं झालं पोरा, नाक मोकळं झालं. परगावी गेल्यापासून तुला कसले वासच येत नाहीत. नाहीतर जिल्बर्ट दारात येण्याआधीच कळला असता.

तो माझ्याकडेही येऊन गेला. ओसरीवर बसून मक्याचं पोसोले ओरपलं आणि म्हणाला, "डोन्या क्लेओफास, तुमच्या हाताला माझ्या आईच्या हाताची चव आहे." मी म्हटलं, "मग आईचं पाणी विक की." तेव्हापासून आला नाही.

त्याला काय म्हणायचं ते ऐक. तुझं पाणी म्हणून पाटात काही वेगळं वाहत नाही. पाटात एकच पाणी असतं. तुझी पाळी येते त्या दिवशी ते तुझ्या रानात वळतं, इतकंच. तुझा हिस्सा नदीतूनच दुसरीकडे गेला तर पाट तेवढा बारीक होतो आणि बारीक पाणी शेपटापर्यंत जात नाही, वाटेतली मातीच पिऊन टाकते. शेपटाला कोण आहे तुला माहीत आहे. डोन्या रुपेर्ता, तिची लसूणघास, तिचे जर्दाळू. जिल्बर्ट तुझ्याकडून तुझं विकत घेईल आणि जाईल रुपेर्ताचं.

यंदा डोंगरावर बर्फ असं काही नाहीच. आपला पाटकरी उबाल्दो सकाळी टोपी काढून डोंगराकडे बघत उभा राहतो, मयताला आल्यासारखा.

एप्रिलच्या सुरुवातीला पाटाची सभा आहे, मग गाळ काढायचा. तुझा शब्द हवा. परगावी असलेल्या हिस्सेदाराने कळवायचं असतं की यंदा माझं पाणी मी सोडलं, गरज असेल त्याला वापरू द्या. एवढं एक वाक्य, आणि त्यासाठी मी दरवर्षी तुझ्या मागे लागायचं!

आणखी एक. सप्टेंबरात मला सांता फेला आमदारांच्या समितीपुढे बोलायचं आहे. आम्ही आसपासच्या सगळ्या पाटांच्या अध्यक्षांनी मिळून कायदा मागितलाय. पाटावरचं पाणी कुणाला बाहेर विकायचं असेल तर आधी पाटाला विचारावं लागेल, पाट नाही म्हणाला तर नाही. आणि दुसरं कलम असं की जो कामासाठी परगावी गेलाय त्याचा हिस्सा पाटाने सांभाळून ठेवायचा. वापरला नाही म्हणून कुणी काढून घ्यायचा नाही. हे दुसरं कलम मी घालायला लावलं. कुणासाठी ते कुणाला सांगितलेलं नाही.

नवा घागरा शिवायला टाकलाय. तिथे कोट घातलेले पुरुष बसतात, त्यांच्यापुढे अंगणातले कपडे चालणार नाहीत, असं शिवणारी बाई म्हणते. मला म्हणायचं होतं चालतील. पण कापड आवडलं.

तुझी तिया
क्लेओफास


रॉक स्प्रिंग्ज
२९ मार्च २००२

तिया,

उशीर झाला. पाळ्या बदलल्या, दिवस कधी उगवतो तेच कळत नाही. सभेच्या आत पोचावं म्हणून घाईत लिहितो.

माझं पाणी मी सोडलं. त्याचं आता जे व्हायचं असेल ते होऊ दे.

रागावू नका. मी परत येणार असं तुम्ही धरून चालता. मी तसं धरत नाही. बसमधून उतरून गेलेल्या माणसाने सीटवर रुमाल टाकून ठेवायचा, ह्याला काय अर्थ आहे? मागे उभं असतं कुणीतरी. त्याला बसू द्यावं.

दुसरी बातमी चांगली आहे. ट्रक घेतला. निळा. जुना आहे, पण मागे मशीन आहे, आणि ते माझं आहे. कालच एका माणसाने मला मिस्टर माएस्तास म्हटलं. मी मागे वळून पाहिलं, बाबा आलाय की काय.

सिमो


सौसाल
१४ एप्रिल २००२

मिहितो सिमो,

तुझं पत्र सभेत वाचून दाखवलं. सगळं नाही. रागावू नका, परत येणार नाही, रुमाल वगैरे जे होतं ते गाळलं. ते माझ्यासाठी होतं आणि माझ्यापाशीच राहील. परत येणार नाही म्हणणारे ह्या घरात पूर्वीही झाले. तुझा बाप बोटींच्या कारखान्यात गेला तेव्हा त्याच्या तोंडी हेच होतं आणि आल्यावर पहिल्या दिवशी बूट काढून पाटात पाय सोडून बसला. तुझाही दिवस येईल.

"माझं पाणी मी सोडलं. त्याचं आता जे व्हायचं असेल ते होऊ दे," एवढं मी मोठ्याने वाचलं. लोकांनी माना वर केल्या. दरवर्षी तू लिहितोस, 'ठीक आहे, वापरा', आणि खाली ग्रीसचा डाग. ह्या वेळेस मात्र मोठ्या माणसासारखं लिहिलंस. उबाल्दो म्हणाला, "पोरगं बापाच्या वळणावर गेलं हो." रुपेर्ताला ऐकू कमी येतं. तिला वाटलं तू वारलास. तिने उभं राहून छातीवर क्रूस काढला आणि तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरूही केली. मग उबाल्दो तिच्या कानात ओरडला, "मेला नाहीये, पाणी दिलंय!" तेव्हा टाळ्या तिनेच सुरू केल्या. तुझी पाळी यंदा तिला द्यायचं ठरलं. ह्या दुष्काळात तिची झाडं त्यावरच जगतील.

त्या टाळ्या चालू असताना माझ्या मनात आलं, सांता फेला मी हेच सांगणार. आकडे वकीलही सांगतात. मी सांगेन, माझा भाचा दूर वायोमिंगच्या वाऱ्यात राबतो आणि तिथून आपलं पाणी शेजारणीच्या झाडांना सोडतो. असे लोक आहेत आमचे. पाटाचं पाणी कसं राखायचं ते आम्हाला कुणी शिकवायला नको, फक्त राखू द्या.

रुपेर्ताने जर्दाळूचं सारण भरलेले एम्पानादा पाठवलेत. पोचेपर्यंत दगड होतील. कॉफीत बुडव. ट्रक सावकाश चालव.

तुझी
तिया


रॉक स्प्रिंग्ज
२३ जून २००२

तिया,

एम्पानादा पोचून खूप दिवस झाले. टेक्ससवाल्याने खाल्ले. मला गेले नाहीत, पोट बरं नव्हतं. रुपेर्ताला सांगा आवडले.

सांता फेला माझं नाव घेऊ नका. खरंच सांगतो, घेऊ नका. उबाल्दोच्या पोरांचं सांगा, दुसऱ्या कुणाचं सांगा. मी काही सांगण्यासारखा माणूस नाही. तुम्ही समजता तसं काही ते नव्हतं.

तुम्हाला एक गोष्ट नीट सांगायची आहे, पण कागदावर उतरवायला गेलो की हात थांबतो. मागच्या आठवड्यात फोन केला होता. तुम्ही उचललात आणि म्हणालात, "कोण गेलं?" तुम्ही नेहमी असंच म्हणता, मला माहीत आहे. पण मी ठेवून दिला. तो फोन माझा होता. शेजाऱ्यांवर संशय घेऊ नका.

रुपेर्ताला सांगा, माझ्या पाळीवर फार विसंबू नको. नदीचा काही भरवसा नाही. इथे पेपरात आलंय की तुमच्याकडे जंगलंही पेटलीत.

मी पुढच्या महिन्यात इथून हलणार. उत्तरेला मोठं काम आहे म्हणतात. पत्ता कळवीन. ट्रक चांगला चालतोय.

सिमो


सौसाल
२२ सप्टेंबर २००२

सिमो,

तुझ्या जुन्या पत्त्यावरच लिहिते. नवा तू कळवला नाहीस. पोचेल तेव्हा पोचेल.

गुरुवारी मी समितीपुढे बोलले. माझ्याआधी दुसऱ्या पाटांचे दोघे बोलले, चांगले बोलले. मी नवा घागरा नेसले होते. मी तुझं सांगितलं. नाव घेऊ नको म्हणाला होतास म्हणून नाव घेतलं नाही, माझा भाचा एवढंच म्हटलं. एक आमदार बाई मान डोलवत होत्या. मला वाटलं, जमलं.

मग पठारवाल्या कंपनीचा वकील उठला. सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाईंचा भाचा म्हणजे ओनेसिमो माएस्तास ना? त्याने मार्चमध्येच आपलं सगळं पाणी आम्हाला विकलंय. राजीखुशीने. स्वतःच्या पाटाला विचारावं असं अध्यक्षांच्या घरच्या माणसालाच वाटलं नाही, तर बाकीच्यांवर ती सक्ती कशासाठी?"

मी म्हटलं, हे खोटं आहे. भरल्या सभेत मी त्या माणसाला खोटारडा म्हटलं, सिमो. तो रागावलासुद्धा नाही. कागद पुढे केला. सही तुझी होती. तुझा ओ मला लांबून ओळखू येतो, मक्याच्या दाण्यासारखा. मीच हात धरून गिरवून घेतला होता.

मी खाली बसले. त्यानंतर कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. आमच्या मागणीवर पुढच्या अधिवेशनात बघू, असं ठरलं. बाहेर आल्यावर इतर पाटांची माणसं माझ्याशी बोलली, पण आजाऱ्याशी बोलतात तशी, हळू. गाडी उबाल्दो चालवत होता. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला. "टाळ्या वाजवल्या होत्या आपण."

घरी येऊन तुझी शेवटची दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. जूनचं पत्र मी विनय समजले होते. मार्चचं काय समजले होते ते तुला माहीत आहे.

रुपेर्ताला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या पाळीच्या दिवशी ती अजून खोरं घेऊन दारं धरायला जाते.

क्लेओफास


गिलेट, वायोमिंग
२० ऑक्टोबर २००२

तिया,

पत्र फिरत फिरत आलं. चार वेळा वाचलं आणि मग कामावर गेलो आणि नळाचा जोड चुकवला. इथे कुणी मिस्टर म्हणालं नाही त्या दिवशी.

मी खोटं लिहिलं नव्हतं. हे बोलायला मला तोंड नाही, पण लिहितो. विकलं असा शब्द लिहायला घेतला होता. 'व' लिहिला आणि पुढे हात जाईना. मग तुमचंच पत्र समोर पडलं होतं, त्यातलं वाक्य उचललं. सोडलं. मला वाटलं, सोडलं म्हणजे सोडलं, तुम्ही समजून घ्याल आणि शिव्या घालाल आणि झालं. शिव्यांची वाट बघत होतो. आल्या टाळ्या. टाळ्या आल्यावर मी काय करायचं होतं? तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. मग दर आठवड्याला ते जास्त जड होत गेलं.

जिल्बर्टने विचारलं होतं, घरी सांगू का? मी म्हटलं मी सांगतो. त्याचा दोष नाही काढत. त्याने मांस खाऊ घातलं, पण तोंड माझं होतं.

मला वाटलं होतं, मी नाही तिथे, मग माझं पाणी कुणाच्या काय कामाचं. तुम्ही पत्रात सगळं समजावून लिहिलं होतं, शेपूट, रुपेर्ता, सगळं. ते वाचलं होतं मी. पण मला तेव्हा ट्रक दिसत होता.

ट्रक विकून पाणी परत घेता येईल का? जिल्बर्टला फोन केला. तो हसला नाही, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "बेटा, ते आता तुझ्या ट्रकच्या भावात राहिलेलं नाही."

रुपेर्ताला तुम्ही सांगू नका. मी सांगेन. नाहीतर नको, तुम्हीच सांगा. मला जमणार नाही.

सिमो


सौसाल
१२ जानेवारी २००३

सिमो,

पाणीखात्याची सुनावणी झाली. आम्ही हरकत घेतली होती. ती टिकली नाही, कारण अशी हरकत पाटाला घेता येते असं आजच्या कायद्यात कुठे लिहिलेलंच नाही. आता तुझा हिस्सा नदीत खाली जाईल आणि पठारावर त्यांच्या विहिरींतून वर येईल. तुझ्या शेताचं दार बुजवायचा हुकूम आला, उबाल्दोने दगडमाती टाकून बुजवलं. हिस्सेदारांतून तुझं नाव काढलं. अध्यक्षाने काढायचं असतं, म्हणून मी काढलं.

रुपेर्ताला मी सांगितलं. कानात ओरडून सांगावं लागतं, आणि असली गोष्ट ओरडून सांगणं कसं असतं ते तुला कळावं म्हणून लिहिते. आधी तिला वाटलं मी म्हणतेय की पाणी आलं. पुन्हा ओरडले. मग ती म्हणाली, "पोराला गरज होती का?" मी म्हटलं, ट्रक हवा होता. ती म्हणाली, "मग मला मागायचं. माझ्याकडे तरी कुठे आहे म्हणा, पण मागायचं." तिच्या खालच्या अंगाची झाडं गेल्या उन्हाळ्यात वाळली. वरची जगतील असं म्हणते.

आता कामाचं. फेब्रुवारीत पुन्हा समिती आहे. मी अध्यक्षपद सोडते म्हणाले होते, सभेने सोडू दिलं नाही. उबाल्दो म्हणाला, "आता सोडलंस तर तो वकील जिंकला." म्हणून मी जाणार. पण माझ्या बोलण्याला आता वजन नाही. मी काही सांगितलं की तो वकील पुन्हा तोच कागद काढेल.

म्हणून तू ये. माझा भाचा म्हणून नको येऊस. ज्याने विकलं तो म्हणून ये. तुला कसं गाठलं, काय सांगितलं, कुणाला विचारलं नाहीस, ते सांग. पाटाला विचारणं भाग असतं तर काय झालं असतं, ते सांग. ते तुला प्रश्न विचारतील आणि त्यांतले काही लागतील. मी मदतीला उठणार नाही.

ह्याने तुझं पाणी परत येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. कायदा झाला तरी पुढच्यांसाठी होईल.

क्लेओफास


गिलेट
२६ जानेवारी २००३

तिया,

येतो. काय घालू ते लिहा. माझ्याकडे कोट नाही.

सिमो


सांता फे
१६ मार्च २००३

मिहितो,

तू माझ्या घरात आणि मी इथे परक्या खोलीत, असं कधी होईल असं वाटलं नव्हतं. कोंबड्यांना ओलं घालू नकोस. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढ.

तू बोललास त्या दिवशी मला तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. लोक भोवती होते, आणि मी बोलले असते तर चांगलं बोलले नसते. आज लिहिते.

उबाल्दोचा कोट तुला खांद्यांत ढगळ होता. आधी तू इतकं हळू बोललास की समितीच्या अध्यक्षांनी माइक जवळ घे म्हटलं. मग फार जोरात. तो वकील म्हणाला, "मिस्टर माएस्तास, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली?" तू म्हणालास, "नाही, मला हवं होतं." मी मनात म्हटलं, संपलं. मग त्या आमदार बाईंनी विचारलं, "तू नक्की काय विकलंस असं तुला वाटलं होतं?" आणि तू म्हणालास, "माझं. माझं एकट्याचं असेल असं वाटलं होतं."

तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या बाईंनी ते लिहून घेतलं. मी बघितलं.

दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, मिहितो. काल. दोन्ही कलमांसह. राज्यपालांची सही होईपर्यंत आम्ही सगळे अध्यक्ष इथेच थांबतोय, कोण कुठे मधेच पाय घालेल सांगता येत नाही. आता परगावी असलेल्याचा हिस्सा पाट राखून ठेवील, आणि पाटाला न विचारता कुणी काही विकणार नाही. सौसालमध्ये ह्याचा उपयोग सगळ्यांना आहे. तुला सोडून.

गाडीत बसताना तू विचारलंस, मी तुला माफ केलं का. त्याचं उत्तर मलाच अजून मिळालेलं नाही. मिळालं की तुला सांगेन, दुसऱ्याकडून कळणार नाही.

शनिवारी गाळ काढायचा आहे आणि सभाही त्याच दिवशी आहे. मी नसेन. तुला पाटात उतरावंसं वाटलं तर हिस्सेदार म्हणून उतरता येणार नाही. रुपेर्ताला तिच्या वाट्याचा गाळ काढायला माणूस हवा असतो. तिला विचार. कानात ओरड.

तुझी तिया
क्लेओफास


सौसाल
२३ मार्च २००३

तिया क्लेओफास यांना,

कोंबड्या ठीक आहेत. कडी उचलायची विसरलो, दार जरा वाकलंय, सरळ करून ठेवतो.

काल रुपेर्ताच्या वतीने उतरलो. आदल्या दिवशी तिच्याकडे गेलो होतो. मी सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तिच्या कानात ते ओरडता येईना. मी फक्त ओरडलो, "उद्या तुमच्याकडून मी खणतो!" तिने माझे दंड दाबून बघितले, घोड्याचे बघतात तसे, आणि म्हणाली चालेल. मग खालच्या अंगाला नेऊन ती वाळलेली झाडं दाखवली. अजून तोडलेली नाहीत. म्हणते एखादं फुटेलही.

सकाळी सगळे बंधाऱ्यापाशी जमले. पोरांनी मला घेतलंच. "अरे मिस्टर आले! खोरं कुठल्या बाजूने धरतात माहीत आहे ना?" "ह्याला नळ जोडून द्या, हा नुसता वेल्ड करेल." मी हसलो. बरं वाटलं, खरं सांगतो, टोमणे खाताना. उबाल्दो काठी घेऊन काठावरून चालत होता. काठीने तुकडा मापायचा आणि ज्याचा तुकडा त्याच्या घरचं नाव पुकारायचं. माझ्यापाशी आला, काठी टेकवली आणि म्हणाला, "रुपेर्ताचा मजूर." मी म्हटलं, हजर.

आमच्या शेताजवळचा जो तुकडा बाबा काढायचा, तो आता सगळ्यांत थोडा थोडा वाटून दिलाय. तिथे गाळ फार होता. मी मदतीला जात होतो, तर उबाल्दो म्हणाला, "तुझं झालं ना? मग बस." रागाने नाही म्हणाला. नियमच तसा आहे, मजुराने दुसऱ्याच्या तुकड्यात शिरायचं नाही.

दुपारी पाणी सोडलं. फेस, पानं, काटक्या, एक जुना बूट, सगळं पुढे ढकलत आलं. पोरं त्याच्या पुढे पळत होती. मी काठाने चालत राहिलो. आमच्या दारापाशी ते वळलं नाही. दार आता काठासारखंच दिसतं, त्यावर गवतसुद्धा आलंय. सरळ पुढे गेलं. शेपटापर्यंत पोचलं, पण तिया, तुमच्या मनगटाएवढंच. रुपेर्ता खोरं घेऊन उभी होती. तिने दार उघडलं आणि बराच वेळ दोघं बघत होतो, पहिला वाफा भरेना. मी म्हटलं वर बर्फ चांगलं आहे यंदा, पुढे वाढेल. तिला ऐकू आलं नाही.

मग जेवण आणि सभा. हिस्सेदार आत टेबलाला बसले. आम्ही मजूर बाहेर भिंतीशी, ताटं मांडीवर. घेवडा होता, तोर्तिया होत्या, तुमच्या मिरचीइतकी तिखट नाही कुणाची. खिडकी उघडी होती म्हणून आतलं ऐकू येत होतं. उबाल्दोने तुमचं सगळं सांगितलं, सांता फेचं, कायद्याचं. आणि मग म्हणाला, "अध्यक्ष म्हणून क्लेओफास माएस्तास. ज्यांची संमती त्यांनी हात वर करा."

माझा हात वर गेला. कळलंच नाही मला. शेजारी पेन्यास्को गावाकडचा एक रोजावर आलेला पोरगा बसला होता. तो म्हणाला, "तू कशाला? तुला कोण मोजतंय?" मग खाली घेतला.

तुम्ही निवडून आलात. एकमताने, असं उबाल्दो म्हणत होता. मी बाहेर होतो.

सिमो